पायाचा व्रण आणि प्लास्टरचा साचा : एका उपचाराचा पूर्वेतिहास

मधुमेहाने बधिर झालेल्या तळपायावर उद्भवणारा व्रण हा सांप्रत छत्रपती संभाजीनगर येथील, किंबहुना सर्व मराठवाड्यातील शल्यचिकित्सकांच्या नित्य परिचयाचा विषय झाला आहे. त्याचा इतिहास मात्र मधुमेहाच्या ग्रंथांत शोधून भागत नाही. तो कुष्ठाश्रमांत शोधावा लागतो.

ह्या दोन व्याधींचे साहचर्य प्राचीन आहे. ज्यांचे व्रण कष्टाने बरे होतात अशा रोग्यांची गणना करताना सुश्रुताने सूत्रस्थानात कुष्ठी व मधुमेही ह्यांना एकाच पंक्तीस बसविले आहे. सुश्रुताचा ‘कुष्ठ’ हा शब्द अनेक त्वग्रोगांना व्यापणारा असल्यामुळे त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढणे उचित नव्हे. तथापि निरीक्षण मार्मिक आहे खरे. मात्र त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात निर्धन प्रमेह्याने पादत्राण व छत्र टाकून, भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालावे असा उपदेश आहे. व्यायाम म्हणून तो योग्यच. पण ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्याला तो केवढा महाग पडेल ह्याची कल्पना आज सहज येते.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकाने अशा व्रणांना ‘पोषणदोषजन्य’ ठरविले. मज्जातंतू नष्ट झाल्याने मांसाचे पोषण थांबते व ते आपोआप झडते, ही ती उपपत्ती होय. तिचा व्यावहारिक परिणाम गंभीर होता. मांसच जर निकृष्ट, तर व्रण बरा होण्याची आशा व्यर्थ. मग मलमे बदलीत राहावे आणि शेवटी पाय कापावा.

ह्या समजुतीला तडा गेला तो ह्याच उपखंडात. इ. स. १९३० नंतरच्या दशकात सिलोनमध्ये मिलरॉय पॉल ह्यांनी, आणि भारतात खान ह्यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांना प्लास्टर घालून त्यांना हिंडतेफिरते ठेवले. खान ह्यांचा निबंध १९३९ साली ‘लेप्रसी इन इंडिया’ ह्या नियतकालिकात आला. त्याच सुमारास, १९३६ साली, वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण ह्यांचे कुष्ठधाम सुरू झाले होते. अशा ठिकाणी रोग्यांचे व्रण रोज धुणे व बांधणे हेच सेवेचे मुख्य अंग असे.

पुढे १९४६ साली वेल्लोर येथे आलेल्या पॉल ब्रँड ह्यांनी ह्या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले. प्लास्टरच्या आत, मलमाशिवायही, व्रण भरून येतो. अर्थात मांस निकृष्ट नाही. निरोगी माणूस टोचताच पाय उचलतो, लंगडतो. बधिर पायाचा धनी त्याच जागेवर हजारो पावले टाकीत राहतो. व्रणाचे कारण आहे तो पुन:पुन्हा पडणारा दाब. पायाला सर्वत्र चिकटून बसणारा साचा हा दाब संपूर्ण तळव्यावर व पोटरीवर वाटून देतो.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथून ही रीत मधुमेह्यांकडे वळली. १९८९ साली म्युलर प्रभृतींनी चाळीस रोग्यांवर तुलना प्रसिद्ध केली : साच्यातील २१ पैकी १९ व्रण सरासरी ४२ दिवसांत भरले, रोज पट्टी बदलून पायावर भार देऊ नका असे सांगितलेल्या १९ पैकी केवळ ६ भरले. ‘भार देऊ नका’ हा उपदेश ज्याला वेदनाच नाही त्याच्याकडून पाळला जात नाही. आर्मस्ट्राँग प्रभृतींनी २००३ साली दाखविले की, काढता येणारे साधन दिलेले रोगी आपल्या दिवसभराच्या पावलांपैकी अवघी २८ टक्के पावले ते घालून टाकतात. साच्याचा गुण तो काढता येत नाही ह्यातच बव्हंशी आहे.

ह्याचा अर्थ स्थानिक उपचार निरर्थक असा नव्हे. १९६२ साली जॉर्ज विंटर ह्यांनी डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांनी सिद्ध केले की, ओलसर ठेवलेली जखम खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर झाकली जाते. व्रणाकाठचे घट्टे व मृत मांस काढणे आवश्यकच असते. परंतु पट्टी डोळ्यांस दिसते, दाब दिसत नाही. म्हणून रोगी व नातलगच काय, वैद्यही मलमाच्या नावावर अधिक विसंबतात. उलट, साच्यालाही मर्यादा आहेत. रक्तपुरवठा क्षीण असेल किंवा खोल पू झाला असेल तर तो घालू नये. आणि अकुशल हाताने घातलेला साचा बधिर पायावर नवा व्रण निर्माण करतो, ज्याची वार्ता रोग्याला लागत नाही. म्हणूनच तो साधारणत: आठवड्याला उतरवून पाय पाहावा लागतो.

औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले व ‘घाटी’ ह्या नावाने ते सर्व मराठवाड्याचे रुग्णालय बनले. ह्या प्रदेशात साचा काढल्यानंतरचा प्रश्न अधिक बिकट आहे. कुष्ठकार्यातूनच आलेली सच्छिद्र मऊ रबराची चप्पल दारापर्यंत चालते. घरात, वेरूळच्या घृष्णेश्वराच्या तापलेल्या फरशीवर, किंवा नाथषष्ठीला पैठणकडे निघालेल्या दिंडीत ती पायातून उतरते.