पंधरा दिवसांची मुदत नेमकी कधी सुरू होते?

कर्जत तालुक्यातील कळंब परिसरात भातकापणी आटोपली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीमालकाकडून उचल घेतात आणि पावसाळ्यापर्यंत मुलाबाळांसह भट्टीवर राहतात. उचल मागताक्षणी हाती पडते. सरकारी रोजगार हमीची स्पर्धा आहे ती या रोकडीशी.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात करून पाहिलेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरला. १९७५ मध्ये शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून त्यासाठी पैसा उभा करण्यात आला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, दिवसाला किमान एक रुपया! रक्कम क्षुल्लक होती. पण तो देणे म्हणजे सरकारने स्वतःची कसूर लेखी मान्य करणे होते.

म्हणूनच हा भत्ता क्वचितच वाटला गेला. त्यासाठी कायदा मोडण्याचीही गरज नव्हती. पंधरा दिवस मोजायचे ते मागणीच्या तारखेपासून. अर्ज तोंडी ऐकून घेतला, तारखेची पोच दिलीच नाही, तर मुदत सुरूच होत नाही. कागदोपत्री तो मजूर बेकार नसतोच. साऱ्या हमीचे मर्म त्या पोचेच्या चिटोऱ्यात आहे.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, पुढे किमान निम्मा भत्ता ठरवला आणि तो देय झाल्यापासून पंधरा दिवसांत देण्याचे बंधन घातले. मात्र अकुशल कामाची मजुरी केंद्राच्या तिजोरीतून आणि भत्ता राज्याच्या, अशी विभागणी झाली. मागणी नोंदवून घेण्यात राज्याला तोटाच दिसू लागला.

केलेल्या कामाची मजुरी रखडली तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई, म्हणजे हजार रुपयांवर पन्नास पैसे. त्यातही केंद्र सरकार केवळ राज्याकडून देयकाचा आदेश निघेपर्यंतचा विलंब मोजत असे. पुढे केंद्राकडे गेलेले दिवस हिशेबात धरलेच जात नसत. स्वराज अभियान खटल्यात १८ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मोजणी अमान्य केली. मजुराला पैसा मिळेपर्यंतचा सारा विलंब धरावा, तो कोणत्या कार्यालयात झाला याच्याशी त्याला कर्तव्य नाही, असा त्या निकालाचा आशय होता.