दिनविशेष : ५ ऑक्टोबर १८८६ – पुण्याची मंडई
५ ऑक्टोबर १८८६ रोजी पुण्याच्या शुक्रवार पेठेत ‘रे मार्केट’ खुले झाले आणि शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणातला उघडा भाजीबाजार छपराखाली आला. गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव, गॉथिक कमानी, मधोमध अष्टकोनी मनोरा. म्हणून ही वास्तू परकी, असा आक्षेप निघू शकतो. पण मनोऱ्याभोवतीच्या उंच दालनांत वारा-उजेड खेळतो, विक्रेत्याला हक्काचा गाळा मिळतो. बाजाराची गरज तिने नेमकी ओळखली. सामान्यांच्या शिक्षणाआधी बाजाराच्या इमारतीवर एवढा खर्च नको, हा महात्मा फुले यांचा विरोध मात्र रास्तच होता. पुढे मंडईला त्यांचेच नाव मिळाले, यात विसंगती नाही. खेड्यातला शेतकरी असो वा पेठेतला विक्रेता, बाजारपेठ कष्टकऱ्यांमुळेच उभी राहते, याची हे नाव म्हणजे कबुलीच आहे.