लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि हेअर ट्रान्सप्लांट करायचंय? आधी पहिले दहा दिवस आणि पुढचं वर्ष समजून घ्या

मुलगी पसंत, मुहूर्त ठरला, हॉल बुक झाला. आता एकच काळजी उरली, ती म्हणजे फोटोत दिसणारं टक्कल. मग मोबाइलवर जाहिरात दिसते, 'एका दिवसात नवे केस'. दोन महिने हातात आहेत म्हणून मुलगा निर्धास्त होऊन पैसे भरतो.

घोळ इथेच होतो. हेअर ट्रान्सप्लांट एका दिवसात होतं हे खरं आहे, पण केस एका दिवसात येत नाहीत. उलट सर्जरीनंतर दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत लावलेले बहुतेक केस गळून जातात. म्हणजे दोन महिने आधी सर्जरी केलेला नवरदेव अक्षता पडताना आधीइतकाच, कधी कधी आधीपेक्षाही विरळ दिसू शकतो.

सोलापुरात राहून ही सर्जरी शहरात, पुण्यात किंवा हैदराबादला करायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी खालच्या गोष्टी माहीत असायला हव्यात.

हेअर ट्रान्सप्लांट म्हणजे नेमकं काय?

नवे केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागच्या आणि कानांच्या वरच्या भागातले केस मुळासकट काढून टक्कल पडलेल्या जागी लावले जातात. एका मुळात साधारण एक ते चार केस असतात. या मुळाला ग्राफ्ट म्हणतात.

मागचेच केस का? पुरुषांमधलं नेहमीचं टक्कल डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे पडतं. पुढच्या आणि टाळूवरच्या मुळांवर त्याचा परिणाम होतो, मागच्या मुळांवर सहसा होत नाही. ही मुळं जागा बदलली तरी आपला गुण सोडत नाहीत, हे अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडलं. आजची सगळी सर्जरी याच तत्त्वावर चालते. त्याआधी १९३९ मध्ये जपानमध्ये डॉ. ओकुदा यांनी केस लावण्याच्या प्रयोगांवर लिहिलं होतं, पण त्यांचं काम जगापर्यंत पोहोचायला खूप वर्षं लागली.

मागचा साठा मर्यादित असतो. बहुतेकांच्या डोक्यातून आयुष्यभरात साधारण पाच ते सात हजार ग्राफ्टच सुरक्षितपणे काढता येतात. पंचविशीत सगळे वापरून टाकले आणि चाळिशीत टक्कल मागे सरकलं, तर भरायला काही उरत नाही. म्हणूनच चांगला डॉक्टर फार कमी वयात सर्जरीची घाई करत नाही.

हे सगळ्यांसाठी आहे का?

नाही. डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताण, लोहाची कमतरता किंवा थायरॉइडमुळे गळणारे केस कारण दूर झाल्यावर बरेचदा आपोआप परत येतात. चाई पडली असेल, तर त्याचा उपचार वेगळा आहे. त्यामुळे पहिली भेट त्वचारोगतज्ज्ञाची. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही त्वचारोग विभाग आहे. केस का गळतायत हे तिथेही तपासून घेता येतं.

ही सर्जरी कोण करू शकतं?

पैसे भरण्याआधीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा हेअर ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत सुमारे साडेनऊ हजार ग्राफ्ट लावल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर सूज आली आणि श्वासाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी तीव्र अॅलर्जीची शंका व्यक्त केली होती. २०२५ मध्ये कानपूरमध्ये एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये ट्रान्सप्लांट केलेल्या दोन इंजिनिअरांच्या मृत्यूचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं.

असे मृत्यू दुर्मीळ आहेत. पण ही पार्लरमधली सेवा नसून शस्त्रक्रिया आहे, हे त्यातून कळतं.

नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्जरीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच हे काम करावं, वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर पाहून ते सुरू करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. सहायक मदत करू शकतात, जबाबदारी डॉक्टरची असते.

त्यामुळे पैसे भरण्याआधी हे विचारा:

- डॉक्टरचं पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. सर्जरी दुसऱ्या राज्यात असेल, तर तिथल्या कौन्सिलकडे.
- मुळं कोण काढणार आणि लावण्याची छिद्रं कोण पाडणार? सर्जरीभर डॉक्टर खोलीत असणार का?
- अॅलर्जी झाली तर ऑक्सिजन आणि अॅड्रिनॅलिन तयार आहे का? जवळचं आयसीयू कोणतं?
- किती ग्राफ्ट आणि का? ५० चौरस सेंटीमीटर जागेत दर चौरस सेंटीमीटरला ४० ग्राफ्ट लावायचे, तर २,००० लागतात. हिशेब असा समजावून सांगता आला पाहिजे.

खर्च विचारताना जीएसटी धरून विचारा. आजारावरच्या उपचारांना जीएसटीतून सूट आहे, पण टक्कल पडलं म्हणून केलेलं हेअर ट्रान्सप्लांट त्या सुटीत बसत नाही. सौंदर्यासाठीची सर्जरी म्हणून आरोग्य विमाही सहसा मिळत नाही. पक्कं बिल आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत जपून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर जिल्हा ग्राहक आयोगात हेच कागद कामाला येतात.

सर्जरीच्या दिवशी काय होतं?

आधी रक्ततपासणी होते. साखर, रक्त गोठण्याची क्षमता, एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या, गरजेनुसार ईसीजी. बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी औषधं किंवा कुठलीही अॅलर्जी असेल, तर लपवू नका. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका. सिगारेट, तंबाखू आणि दारू डॉक्टर सांगतील तितके दिवस आधीपासून बंद.

त्या दिवशी नाश्ता करून जा आणि पुढे बटणं असलेला शर्ट घाला. संध्याकाळी टी-शर्ट डोक्यावरून काढता येणार नाही.

पुढच्या केसांची रेषा मार्करने आखली जाते, फोटो काढले जातात. मग डोकं बधिर करायची इंजेक्शनं. सगळ्यात जास्त दुखतं ते इथे, काही मिनिटं. त्यानंतर बहुतेकांना फक्त ओढल्यासारखं जाणवतं. रुग्ण जागा असतो.

मुळं काढायच्या दोन पद्धती आहेत. एफयूटीमध्ये मागच्या त्वचेची पट्टी काढून टाके घालतात आणि पट्टीतून ग्राफ्ट वेगळे करतात. एफयूईमध्ये साधारण एक मिलिमीटरच्या बारीक पंचने एकेक मूळ काढतात. टाके नसतात, बारीक ठिपक्यांसारख्या खुणा राहतात. 'डीएचआय' नावाने जाहिरात होते त्यात मुळं बहुधा एफयूईनेच काढतात, फक्त लावायला पेनसारखं उपकरण वापरतात.

काढलेले ग्राफ्ट थंड द्रावणात ठेवतात. मग जेवणाची सुट्टी, आणि दुपारनंतर बारीक छिद्रांत एकेक ग्राफ्ट बसवण्याचं काम. केस कुठल्या कोनात उगवणार, हे छिद्राच्या कोनावर ठरतं. दोन-अडीच हजार ग्राफ्टना सहा ते आठ तास लागतात. संध्याकाळी मागे पट्टी बांधून घरी सोडतात. पुढचा भाग बहुधा उघडाच असतो.

पहिले दहा दिवस

लावलेली मुळं घट्ट धरायला साधारण दहा दिवस लागतात. तोवर घासलं, खाजवलं किंवा डोकं आपटलं तर मूळ निघून येऊ शकतं. एकदा निघालेलं मूळ पुन्हा लावता येत नाही.

*पहिली रात्र:* दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवून पाठीवर झोपायचं. डॉक्टरांनी दिलेला सलाइनचा स्प्रे सांगितलेल्या वेळेला मारायचा. मागच्या भागात दुखतं, त्यासाठी दिलेलीच गोळी घ्यायची.

*दुसरा ते चौथा दिवस:* कपाळ सुजतं, सूज डोळ्यांपर्यंत उतरते. आरशात पाहून घाबरायला होतं, पण ही सूज नेहमीची आहे आणि काही दिवसांत ओसरते. बर्फाची पिशवी कपाळावर ठेवता येते, ग्राफ्टवर अजिबात नाही.

*पहिली धुणी:* दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास, शक्यतो क्लिनिकमध्येच. नंतर घरी मगने हळू पाणी सोडायचं, शॉवरचा जोर नको, नखं नकोत. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकीतलं साठवलेलं पाणी वापरताना ते स्वच्छ आहे याची खात्री करा. शंका असेल तर उकळून गार केलेलं घ्या. टॉवेल सोलापुरी असला आणि कितीही मऊ असला, तरी ग्राफ्टवर फिरवायचा नाही. डोकं हवेवर वाळू द्यायचं.

*सातवा ते दहावा दिवस:* खपल्या सुटू लागतात. खपलीबरोबर केस आला तर मूळ गेलं असं नाही, मूळ बहुधा आतच असतं. पण रक्त आलं तर डॉक्टरांना कळवा. एफयूटीचे टाके दहा ते चौदा दिवसांत काढतात.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: खाज सुटली म्हणून खोबरेल तेल, हळद, कोरफड काहीही लावायचं नाही.

सोलापुरात राहून घ्यायची काळजी

एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीपार जातो. घाम आणि कडक ऊन ताज्या जखमेला चांगलं नाही. सर्जरी हिवाळ्यात झाली तर सोपं जातं. पण जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत ताजे ग्राफ्ट घेऊन शिरू नका, एक धक्का पुरेसा असतो.

हेल्मेट घट्ट बसतं, ते घालता-काढताना ग्राफ्ट घासतात. त्यावर उपाय विनाहेल्मेट गाडी चालवणं हा नाही. डॉक्टर परवानगी देईपर्यंत दुचाकीच बंद ठेवा. यंत्रमाग कारखान्यात किंवा बांधकामावर काम असेल, तर धूळ, तंतू आणि घाम यांमुळे किमान दहा-बारा दिवसांची रजा धरून चाला. जिम आणि पोहणं तीन-चार आठवडे नको.

सर्जरी पुण्यात किंवा हैदराबादला केली, तर त्याच रात्री परतीचा प्रवास टाळा. पहिली धुणी होईपर्यंत तिथे थांबता आलं तर उत्तम.

डॉक्टरांना लगेच कधी गाठायचं?

कपाळाची सूज आणि अॅलर्जी यांत फरक आहे. ओठ किंवा जीभ सुजणं, अंगभर गांध्या, श्वास लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर क्लिनिकच्या फोनची वाट पाहू नका. थेट १०८ ला फोन करा किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

ताप, पू, घाण वास, वाढत जाणारं दुखणं किंवा त्वचा काळी पडणं ही संसर्गाची किंवा त्वचेचा रक्तपुरवठा बिघडल्याची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी दाखवा.

मग केस दिसणार कधी?

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले केस गळतात. मुळं विश्रांतीच्या अवस्थेत जातात, मरत नाहीत. आजूबाजूचे जुने केसही काही काळ गळू शकतात. बरेच जण याच काळात खचतात आणि क्लिनिकशी भांडायला जातात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, मऊ केस उगवू लागतात. सहाव्या महिन्यात फरक दिसतो. खरा निकाल नऊ ते बारा महिन्यांनी, टाळूवर कधी दीड वर्षानेही. तोवर न लावलेल्या जुन्या केसांची गळती चालूच राहू शकते, त्यामुळे मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइडसारखी औषधं लागू शकतात. त्यांचे दुष्परिणाम असतात, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

आता लग्नाचा हिशेब. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरायचा असेल, तर सर्जरी त्याआधीच्या हिवाळ्यात व्हायला हवी. दोनच महिने उरले असतील, तर केशकर्तनकाराकडून चांगला बारीक कट मारून घ्या, लग्न निवांत करा आणि सर्जरीचा विचार नंतर करा. मागचा साठा कुठे पळून जात नाही. घाईत चुकीच्या हातांनी काढलेली मुळं मात्र परत मिळत नाहीत.