हात नव्हते ते वर्ष, वाट नव्हती ते वर्ष

चिखलीहून खामगावकडे जाताना अमडापूर लागतं. आज या पट्ट्यात सोयाबीन, तूर, कापूस आणि हरभरा दिसतो. शंभर वर्षांपूर्वी सोयाबीन नव्हतं, कापूस आणि ज्वारी होती. पीक बदललं, पण शेतमालाची ओढ तीच राहिली: खामगावच्या बाजाराकडे. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या बंदराला जोडला गेला. चिखलीकडे मात्र रूळ आजतागायत आलेले नाहीत.

ज्या रुळांवरून कापूस मुंबईला जात होता, त्याच रुळांवरून १९१८ साली मुंबईहून साथ आली. लोक तिला मानमोडी म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वाधिक मृत्यू झालेल्या प्रांतांपैकी एक. त्यातच वर्ष कोरडं गेलेलं. साथीचा कहर ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाला, म्हणजे कापसाची वेचणी, ज्वारीची कापणी आणि रब्बीची पेरणी एकत्र येतात नेमक्या त्या दिवसांत. हा आजार म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या माणसांना जास्त मारत होता, आणि देशभरात पुरुषांपेक्षा बाया जास्त मेल्या. वऱ्हाडात कापूस वेचतं कोण, हे ज्याला माहीत आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या मृत्यूंवरून पुढे अर्थशास्त्रात मोठा वाद झाला. शेतीत माणसं जास्तच आहेत, थोडी कमी झाली तर उत्पादनाला धक्का लागणार नाही, असं अनेक जण मानत होते. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली भारतातल्या या साथीचे आकडे पुढे केले. दुष्काळाचं वर्ष वगळून त्यांनी १९१६-१७ आणि १९१९-२० यांची तुलना केली. शेतातले हात सुमारे ८ टक्क्यांनी घटले आणि पेरणीखालचं क्षेत्र ३.८ टक्क्यांनी. म्हणजे फुकटचे हात नव्हतेच, असं त्यांचं म्हणणं.

१९६७ साली अमर्त्य सेन यांनी याला हरकत घेतली. साथ प्रत्येक घरातून एकेक माणूस मोजून नेत नाही. एखादं घर पूर्ण रिकामं होतं, शेजारचं तसंच राहतं. रिकाम्या घराची जमीन पडीक राहते आणि शेजारचे जादा हात तिथे आपोआप पोचत नाहीत. सरासरीत हे दिसत नाही, पण गावात राहणाऱ्याला दिसतं.

२०२० साली उलटं झालं. २८ मार्चला विदर्भातला पहिला करोना मृत्यू बुलढाण्यात नोंदला गेला. पुण्या-मुंबईहून माणसं गावाकडे परतत होती. देशात शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो पुढच्या वर्षी ४५.६ टक्के झाला. हात वाढले, पण वाट बंद होती. २७ मार्चला केंद्राने शेतीकामं आणि बाजार समित्यांना टाळेबंदीतून सूट दिली. पण कागदावर सूट मिळाली म्हणून हमाल, मापारी आणि ट्रकवाले दुसऱ्या दिवशी हजर होत नाहीत. हमीभाव ५,५५० रुपये असलेला कापूस घरात पडून राहिला. खरेदी सुरू झाली ती नाव नोंदवून, नंबर लावून, मोजक्याच गाड्या घेत. ती पावसाळा आला तरी संपली नव्हती. कोंबडीतून करोना होतो या अफवेने पोल्ट्री बसली आणि तिच्यामागे मक्याचा भावही.

शेती तरीही थांबली नाही. २०१९च्या काढणीत पाऊस झाल्याने सोयाबीनचं बियाणं आधीच खराब होतं. कृषी विभागाने घरचं बियाणं तपासून पेरायला सांगितलं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने ठेवायचे, गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचं आणि काही दिवसांनी मोड मोजायचे. सत्तर उगवले तर नेहमीच्या मापाने पेरा, कमी उगवले तर बियाणं वाढवा. यंत्र नको, दुकान नको. तरी जूनमध्ये राज्यभरातून न उगवल्याच्या तक्रारी आल्या आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली.

एप्रिल ते जून २०२० मध्ये देशाची अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आकसली, शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली. तेव्हा शेतीने देश सावरला असं खूप लिहिलं गेलं. ते खरं आहे, पण ती पुन्हा सरासरीच. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं, तेव्हा बहुतेकांच्या घरात माल उरला नव्हता. थांबायची ऐपत ज्याची होती, त्यालाच तो भाव मिळाला.

शुल्ट्झ हात मोजत होते, सेन घरं मोजायला सांगत होते. पुढच्या साथीत आकडे येतील तेव्हा घरं मोजलीत का, हे आधी विचारायला हवं.