मुंबई उपनगरांतील चांदीची किरकोळ बाजारपेठ

मुंबई उपनगरांतील चांदीची किरकोळ बाजारपेठ म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड व त्यांलगतच्या उपनगरांमध्ये नाणी, लगडी, विटा, भांडी आणि दागिने यांच्या रूपाने होणारी चांदीची खरेदी-विक्री होय. या बाजारपेठेचा घाऊक पुरवठा प्रामुख्याने दक्षिण मुंबईतील झवेरी बाजारातून होतो. भाव मात्र लंडन व न्यूयॉर्क येथील दर, डॉलरचा विनिमय दर आणि आयातशुल्क यांवर ठरतो. वृत्तपत्रांत किंवा दूरचित्रवाणीवर जाहीर होणारा भाव आणि छोट्या गुंतवणूकदाराला प्रत्यक्ष मोजावी लागणारी रक्कम यांत बरेच अंतर असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये, धनत्रयोदशीच्या सुमारास, हे अंतर विशेष वाढले. त्या वेळी पैसे असूनही हवी ती वीट तत्काळ मिळेल याची खात्री राहिली नव्हती.

पार्श्वभूमी

मुंबादेवी मंदिराजवळचा झवेरी बाजार हे मुंबईतील सोन्याचांदीच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. पूर्वी बॉम्बे बुलियन असोसिएशन या नावाने ओळखली जाणारी आणि १९१९ पासून कार्यरत असलेली ‘इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन’ ही व्यापाऱ्यांची संघटना कामकाजाच्या दिवशी सकाळी व सायंकाळी दर जाहीर करते. या दरांत वस्तू व सेवा कर आणि घडणावळ धरलेली नसते.

मुंबईतील चांदीचा सट्टाही तितकाच जुना आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंडियन स्पेसी बँकेचे व्यवस्थापक चुनीलाल सरैया यांनी सरकारला चांदी खरेदी करावीच लागेल या अपेक्षेने मोठा साठा केला. भारत सरकारने आपली खरेदी लंडनमधून गुप्तपणे केली, अपेक्षित भाव आला नाही आणि १९१३ मध्ये ती बँक बुडाली.

सामान्य कुटुंबांसाठी दीर्घकाळ चांदी म्हणजे मुख्यतः रुपयाचे नाणे होते. ब्रिटिश काळातील रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. १९४० मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणले गेले आणि १९४७ मध्ये चांदीच्या जागी निकेल आले. ‘राणीछाप’ व ‘राजाछाप’ रुपये आजही सराफांकडे विक्रीस येतात. राजाछाप नाण्यांत दोन्ही प्रतींची चांदी आढळत असल्याने नाण्यावरील वर्ष पाहणे आवश्यक ठरते.

उपनगरांची लोकवस्ती वाढली तशा रेल्वे स्थानकांलगतच्या बाजारपेठांत सराफी पेढ्या उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी सराफीच्या बाबतीत उपनगरांचे घाऊक केंद्र झवेरी बाजारच राहिले. बारशाला वाळे किंवा वाटी-चमचा, लग्नात ताट-तांब्या, जोडवी व पैंजण ही मराठी घरांतील मागणी, तर धनत्रयोदशी व लक्ष्मीपूजनासाठी लक्ष्मी-गणपतीच्या प्रतिमेची नाणी ही घाटकोपर व मुलुंड येथील गुजराती-कच्छी घरांतही मोठी मागणी आहे. दागिन्यांचा माल कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारख्या केंद्रांतून येतो.

देशाच्या वायदेबाजाराचे मुख्य केंद्रही उपनगरातच आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये सुरू झालेल्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजचे मुख्यालय अंधेरी (पूर्व) येथे आहे. तेथील चांदीचा मुख्य करार ३० किलोचा, ‘मिनी’ ५ किलोचा आणि ‘मायक्रो’ १ किलोचा असतो. लहान करार भावातील चढउतारावर व्यवहार करण्यासाठी सोयीचे असले, तरी दोन-चार नाणी हव्या असलेल्या ग्राहकाला त्यांचा उपयोग नाही.

भाव कसा ठरतो

आंतरराष्ट्रीय बाजारात चांदीचा भाव ट्रॉय औंसामागे डॉलरमध्ये सांगितला जातो. एक ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅमचा असतो, म्हणजे एका किलोत सुमारे ३२.१५ औंस होतात. औंसाला ५० डॉलर आणि डॉलरला ८८ रुपये असा दर धरल्यास एका किलोचे मूल्य सुमारे १ लाख ४१ हजार रुपये येते. त्यावर ६ टक्के आयातशुल्क धरले की ते १ लाख ५० हजारांच्या घरात जाते. ३ टक्के वस्तू व सेवा करासह ग्राहकासाठी ते सुमारे १ लाख ५४ हजार रुपये होते. पुरवठा सुरळीत असताना स्थानिक भाव या हिशेबाच्या आसपास राहतो. तुटवड्यात त्यावर वाढावा लागतो, तर मंदीत थोडी सूटही मिळते.

आयातशुल्काचा परिणाम थेट असतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात चांदीवरील एकूण शुल्क १५ टक्के करण्यात आले होते. जुलै २०२४ मध्ये ते ६ टक्क्यांवर आले आणि भाव तत्काळ उतरले. आदल्या आठवड्यात खरेदी केलेल्यांना जागतिक भावात तेवढा फरक नसतानाही तोटा दिसू लागला.

सोन्याच्या तुलनेत चांदी अधिक चंचल आहे, कारण तिची मोठी मागणी सौर पॅनेल, विद्युत उपकरणे अशा उद्योगांकडून येते. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीमुळे भाव औंसामागे ५० डॉलरच्या जवळ पोहोचला आणि मार्च अखेरीस कोसळला. एप्रिल २०११ मध्ये तो पुन्हा त्याच पातळीजवळ गेला आणि भारतातील वायदा किलोमागे ७० हजारांच्या वर पोहोचला. त्यानंतरची घसरण इतकी दीर्घ होती की मार्च २०२० मध्ये वायदा ३५ हजारांच्याही खाली आला. २०११ च्या शिखरावर घेतलेली चांदी मूळ भावाला येण्यास ऑगस्ट २०२० उजाडला. घडणावळ व कर धरल्यास त्याहून अधिक काळ लागला.

नाणे, लगड आणि वीट

किरकोळ बाजारात ५, १०, २०, ५० व १०० ग्रॅमची नाणी, तसेच १०० ग्रॅमपासून १ किलोपर्यंतच्या लगडी व विटा मिळतात. घाऊक व्यापारातील सुमारे ३० किलोची वीट छोट्या ग्राहकाच्या आवाक्याबाहेरची असते.

लहान वजनाची चांदी प्रमाणाने महाग पडते. समजा, भाव किलोला १ लाख ५० हजार रुपये आहे. १० ग्रॅमच्या नाण्यातील धातू १,५०० रुपयांचा होईल. घडणावळ व वेष्टन मिळून १५० रुपये आणि एकूण रकमेवर ३ टक्के कर धरल्यास नाणे सुमारे १,७०० रुपयांना पडते. तेच नाणे त्याच दिवशी विकायला नेले आणि सराफाने ३ टक्के घट कापली, तर १,४५५ रुपये हाती येतात. म्हणजे केवळ मूळ रक्कम परत मिळण्यासाठी भाव सुमारे १७ टक्के वाढावा लागतो. १ किलोच्या विटेवर घडणावळ १,००० रुपये धरली, तर हेच अंतर ७ टक्क्यांच्या आसपास येते. घडणावळ व घट पेढीगणिक बदलते, त्यामुळे केवळ भाव विचारणारा ग्राहक निम्माच प्रश्न विचारतो. दुसरा निम्मा प्रश्न परतखरेदीचा असतो.

दागिने व भांडी यांचे गणित आणखी प्रतिकूल आहे. त्यांत मजुरी जास्त, शुद्धता कमी आणि मोड देताना टंच काढून मिळणारी रक्कम त्याहून कमी असते. वापरासाठी त्यांची खरेदी समर्थनीय असली, तरी त्यांना गुंतवणूक म्हणणे कठीण आहे.

साठवणूक हाही प्रश्न आहे. एप्रिल २०२५ मध्ये एक ग्रॅम सोन्याच्या किमतीत शंभर ग्रॅमहून अधिक चांदी येत होती. उपनगरातील लहान सदनिकेत किंवा बँकेच्या छोट्या लॉकरमध्ये हा भार सहज मावत नाही. दमट हवेत चांदी काळवंडते. हा हवेतील गंधकयुक्त वायूंचा पृष्ठभागावरील परिणाम असून त्याने आतील धातूची शुद्धता घटत नाही.

शुद्धता

भारतीय मानक ब्युरोचे चांदीसाठीचे मानक आयएस २११२ हे आहे. सोन्याच्या दागिन्यांप्रमाणे चांदीवर हॉलमार्क सक्तीचा करण्यात आलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अंकाक्षरी ओळख क्रमांकाची जोड देण्यात आली. सुधारित मानकात ९५८ व ९९९ या दोन श्रेणी नव्याने आल्या. ‘९९९’ म्हणजे हजार भागांत ९९९ भाग चांदी. ‘९२५’ ही दागिन्यांत वापरली जाणारी स्टर्लिंग चांदी होय.

ऑक्टोबर २०२५ मधील तुटवडा

२०२५ मध्ये अमेरिकेच्या संभाव्य आयातशुल्काच्या भीतीने बरीच चांदी लंडनहून न्यूयॉर्कला हलवली गेली होती. लंडनमधील उरलेल्या साठ्याचा मोठा भाग गुंतवणूक फंडांच्या मालकीचा असल्याने व्यवहारासाठी मोकळी चांदी थोडीच होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनमधील बाजार सुट्टीमुळे बंद होते आणि नेमक्या त्याच काळात भारतातील दिवाळीची मागणी उसळली. लंडनमध्ये चांदी उसनी घेण्याचा वार्षिक दर काही काळ ३० टक्क्यांच्या वर गेला आणि भावाने ५० डॉलरची पातळी ओलांडली.

मुंबईत किरकोळ भाव किलोमागे पावणेदोन लाखांच्या पुढे गेला. आंतरराष्ट्रीय भाव व शुल्क यांच्या हिशेबापेक्षा तो बराच वरचा होता. देशातील सर्वांत मोठ्या शुद्धीकरण कंपन्यांपैकी एक असलेल्या एमएमटीसी-पॅम्पकडील चांदीचा साठाही संपला. १८ ऑक्टोबरच्या धनत्रयोदशीनंतर लंडनमधील ताण सैल झाला आणि महिनाअखेरीस वायदा दीड लाखाच्या खाली उतरला. मुहूर्तावर खरेदी करणाऱ्याने धातूच्या किमतीबरोबर तुटवड्याचीही किंमत मोजली होती आणि दुसरी किंमत काही दिवसांतच नाहीशी झाली. पुढे डिसेंबरमध्ये वायद्याने २ लाखांचा टप्पा ओलांडला, त्यामुळे थांबून राहिलेल्यांचे नुकसान भरून निघाले. अल्पमुदतीत विकावे लागलेल्यांचे मात्र निघाले नाही.

फंडांचा पर्याय

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम केल्यानंतर जानेवारी २०२२ पासून चांदीचे ईटीएफ उपलब्ध झाले. फंड ९९.९ टक्के शुद्धतेची चांदी ठेवतो आणि गुंतवणूकदार शेअरप्रमाणे युनिट घेतो. त्यामुळे घडणावळ, घट व साठवणुकीचा प्रश्न सुटतो. तुटवड्यापासून मात्र हा मार्गही सुरक्षित ठरला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिटचा बाजारभाव निव्वळ मालमत्ता मूल्याच्या बराच वर गेला आणि कोटक, यूटीआय, एसबीआय आदी फंडांनी या ईटीएफमध्ये पैसे गुंतवणाऱ्या योजनांत एकरकमी गुंतवणूक स्वीकारणे तात्पुरते थांबवले. सरकारी सुवर्णरोख्यांसारखी योजना चांदीसाठी काढण्यात आलेली नाही.

रोख व्यवहार, कर आणि तारण

एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास एप्रिल २०१७ पासून मनाई आहे आणि २ लाखांवरील खरेदीस पॅन द्यावा लागतो. पूर्वी या मर्यादेत सहज बसणारी १ किलोची वीट डिसेंबर २०२५ च्या भावाने तिच्याबाहेर गेली. जुलै २०२४ पासून २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या चांदीवरील नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. महागाईनुसार खरेदीमूल्य वाढवून घेण्याची सवलत तेव्हापासून रद्द झाली.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करावयाच्या निर्देशांनुसार कर्जदाराला १० किलोपर्यंतचे चांदीचे दागिने आणि ५०० ग्रॅमपर्यंतची नाणी तारण ठेवता येतात. विटा, लगडी आणि ईटीएफची युनिटे यांवर कर्ज देण्यास मनाई आहे. त्यामुळे घडणावळीत स्वस्त पडणारी वीट अडचणीच्या वेळी तारण ठेवता येत नाही, आणि महाग पडणारे नाणे मात्र ठेवता येते.