चर्चगेटचे चर्च

चर्चगेट स्टेशनावर रोज लाखो माणसे उतरतात. तेथे चर्च दिसत नाही आणि गेटही नाही. गेट मुंबईच्या कोटाचे होते. १८६० नंतरच्या दशकात कोट पाडला, तेव्हा तेही गेले. चर्च मात्र उभे आहे. स्टेशनाकडून वीर नरिमन मार्गाने हॉर्निमन सर्कलकडे चालत गेले, की सेंट थॉमस कॅथीड्रल लागते. एके काळी मुंबईचे मैलाचे दगड येथूनच मोजले जात.

एका रविवारी सकाळी मी सहज आत डोकावलो. दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी माझे नाव विचारले नाही की धर्म विचारला नाही. हसून एक प्रार्थनेचे पुस्तक हाती दिले आणि रिकामे बाक दाखविले. शेजारच्या बाईंनी पुस्तकातले पान काढून दिले. भिंतींवर संगमरवरी स्मारके आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकनचेही त्यांत आहे. ती पाहत असता मला एका दुसऱ्याच पाहुण्याची आठवण झाली.

गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात या चर्चचा पाया घातला गेला. पुढे सुमारे चाळीस वर्षे काम अर्धवट पडून होते. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने वर्गणी जमवून ते पुरे केले, आणि १७१८ च्या नाताळात गव्हर्नर चार्ल्स बून याच्या उपस्थितीत चर्च उघडले. त्या दिवशी रामा कामत आपल्या जातभाईंसह तेथे आला होता, आणि उपासनेतील शिस्त पाहून संतुष्ट होऊन ती संपेपर्यंत उभा राहिला, असे कॉबने लिहून ठेवले आहे. हा रामा कामत कंपनीचा जुना विश्वासू माणूस. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ मध्ये त्यानेच पुन्हा बांधविले. स्वतःचा देव न सोडता दुसऱ्याच्या देवापुढे अदबीने उभे राहणे त्याला जड गेले नाही.

परंतु त्याच वर्षी कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर कंपनीने केलेली स्वारी फसली होती. अपयशाला कोणीतरी घरभेदी हवा होता. रामा कामताने आंग्र्यांना लिहिलेले म्हणून एक पत्र पुढे आले. एका साक्षीदाराचे अंगठे लोखंडी चापात पिळून जबानी घेण्यात आली. १७२० मध्ये बूनच्याच कारकीर्दीत रामा कामत दोषी ठरला. मालमत्ता जप्त झाली, जन्मठेप झाली, आणि १७२८ मध्ये तो कैदेतच मरण पावला. ते पत्र बनावट होते, असे पुढील काळातील इतिहासकारांनी म्हटले आहे.

कागद पाहून निर्णय देण्याचे काम सरकारी नोकरीत मलाही करावे लागते. म्हणून ही हकीकत मला अस्वस्थ करते. नाताळच्या दिवशी झालेले स्वागत खोटे होते, असे मी म्हणणार नाही. सणासुदीला पाहुण्याला दार उघडणे सोपे असते. पाहुण्याविषयी संशय उत्पन्न झाला, की मग त्याचे म्हणणे ऐकून घेण्याइतके दार उघडे राहते काय, यावर स्वागताची खरी किंमत ठरते.

उपासना संपली. त्या गृहस्थांनी दाराशी पुस्तक परत घेतले आणि म्हणाले, “पुन्हा या.” मी होय म्हणालो, आणि रामा कामतालाही असेच कोणी म्हणाले असेल काय, याचा विचार करीत स्टेशनाच्या वाटेला लागलो.