फिलाडेल्फियाचे इंजिन, दौंडचा रूळ
अमेरिकी बाष्पइंजिने आणि त्यांच्या लघुप्रतिकृतींचा छंद

भारतातील ब्रॉडगेज मार्गांवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर ते फिरोजपूर या गाडीने संपली. त्यानंतर बहुसंख्य इंजिने भंगारात निघाली आणि त्यांचे पोलाद वितळवले गेले. काही मोजकी इंजिने संग्रहालयांत व रेल्वे कार्यालयांच्या आवारात उभी आहेत. बाकीच्यांचे अस्तित्व छायाचित्रांत, कार्यशाळांच्या आराखड्यांत आणि ती चालवणाऱ्यांच्या आठवणींत उरले आहे. ही इंजिने लहान आकारात, परंतु मापात चूक न करता पुन्हा घडवणे, हा जगभरातील हजारो छांदिष्टांचा उद्योग आहे. पुणे जिल्ह्याच्या दृष्टीने या छंदाला एक वेगळा संदर्भ आहे. देशभरच्या प्रवासी गाड्या ओढणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध इंजिनाचा जन्म अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला होता.

दौंडला रेल्वे, शिरूरला सडक

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. पाच वर्षांनी, १८५८ मध्ये, पुण्याच्या पुढे दौंडमार्गे दिक्सळपर्यंत रूळ पोहोचले. बोरघाटाचे काम मात्र १८६३ मध्ये पुरे झाले. म्हणजे घाटातून सलग रेल्वे सुरू होण्याआधीच दौंडकरांनी आगगाडी पाहिली होती. पुढे १८७८ मध्ये दौंड-मनमाड हा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग खुला झाला आणि दौंड जंक्शन बनले. बारामतीकडे जाणाऱ्या नॅरोगेजची भर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पडली.

शिरूरच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. कंपनी सरकारच्या काळात लष्करी ठाणे असलेले घोडनदीकाठचे हे गाव पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) सडकेवर राहिले आणि मनमाडकडे जाणारे रूळ त्याच्या पूर्वेकडून निघून गेले. दोन शेजारी तालुक्यांची ठिकाणे; एकाची वाढ इंजिनाच्या शिट्टीबरोबर झाली, दुसऱ्याची सडकेवरील वाहतुकीवर.

मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९३० पर्यंत झाले आणि त्याच वर्षी 'डेक्कन क्वीन' धावू लागली. पुण्याच्या पूर्वेस मात्र त्यानंतरही अनेक दशके वाफेचे आणि मग डिझेलचे राज्य होते. दौंडला वाफेच्या इंजिनांची शेड होती. येथे इंजिने पाणी व कोळसा घेत. पुण्याहून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची दिशाच येथे उलटत असल्याने इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. अलीकडे झालेल्या दौंड कॉर्ड लाइनमुळे अनेक गाड्यांचा हा खोळंबा टळला आहे.

'अ' अमेरिकेचा

दुसऱ्या महायुद्धापर्यंत भारतीय रेल्वेवर ब्रिटिश कारखान्यांची जवळजवळ मक्तेदारी होती. युद्धकाळात ब्रिटनचे कारखाने युद्धसामग्रीत गुंतले आणि लष्करी वाहतूक मात्र प्रचंड वाढली. तेव्हा अमेरिका व कॅनडातून इंजिने आणावी लागली. त्यांची वर्गनावेच त्यांचे मूळ सांगतात. 'एडब्ल्यूडी' म्हणजे अमेरिकन वॉर डिझाइन आणि 'सीडब्ल्यूडी' म्हणजे कॅनेडियन वॉर डिझाइन. अमेरिकी सैन्याने युरोपसाठी दोन हजारांहून अधिक संख्येने बनवलेल्या 'एस-१६०' या इंजिनाची ब्रॉडगेज आवृत्ती भारतात 'एडब्ल्यूसी' म्हणून ओळखली गेली. बाल्डविन कंपनीने १९४३ मध्ये बनवलेले 'एडब्ल्यूई' वर्गातील 'विराट' हे इंजिन हरियाणातील रेवाडीच्या वारसा शेडमध्ये जतन केलेले आहे.

याच अनुभवातून भारताचे सर्वांत देखणे मानले गेलेले प्रवासी इंजिन 'डब्ल्यूपी' साकारले. 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज आणि 'पी' म्हणजे प्रवासी. त्याआधीच्या 'एक्सबी' वर्गाच्या इंजिनांचा इतिहास चांगला नव्हता. बिहारमधील बिहटा येथे जुलै १९३७ मध्ये झालेल्या अपघातात शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर या इंजिनांच्या स्थैर्याची चौकशी होऊन नव्या आरेखनाची गरज पुढे आली. भारतातील रूळ आणि भारतातील हलक्या प्रतीचा कोळसा लक्षात घेऊन आखलेल्या नव्या इंजिनाचे पहिले १६ नमुने फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात तयार होऊन १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षीच, भारतात आले. त्यांतील ७२०० क्रमांकाचे पहिले इंजिन 'शहेनशाह' या नावाने जतन करण्यात आले आहे.

पुढील वीस वर्षांत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रिया, पोलंड आणि अखेरीस आपले चित्तरंजन येथील कारखान्यांनी मिळून ७५५ 'डब्ल्यूपी' इंजिने बांधली. बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते नाक, त्यावर रंगवलेला तारा आणि ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाण्याची क्षमता ही या इंजिनाची ओळख ठरली. त्याचा सांगाडाही ब्रिटिश पद्धतीच्या पोलादी पत्र्यांचा नसून अमेरिकी पद्धतीच्या जाड दांड्यांचा होता. उघडा आणि हाताशी येणारा असा हा सांगाडा दुरुस्तीला सोपा पडे.

चाकांची भाषा

इंजिनांच्या शौकिनांना एकमेकांशी बोलण्यासाठी सोयीची भाषा अमेरिकेनेच दिली. फ्रेडरिक व्हाइट या अमेरिकी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पुढची आधारचाके, मधली चालकचाके आणि मागची आधारचाके क्रमाने मोजतात. 'डब्ल्यूपी' हे ४-६-२, म्हणजे 'पॅसिफिक'. २-८-२ मांडणीला 'मिकाडो' म्हणतात, कारण बाल्डविनने १८९७ मध्ये जपानसाठी अशी इंजिने बांधली होती. अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेचे प्रसिद्ध 'बिग बॉय' ४-८-८-४ आहे. अल्को कंपनीने १९४१ ते १९४४ या काळात अशी २५ इंजिने बांधली, त्यांतील आठ उरली आहेत. त्यांपैकी ४०१४ क्रमांकाचे इंजिन २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा रुळांवर आले.

'बिग बॉय' अमेरिकेत आजही लोकांच्या नजरेसमोर आहे. त्याचे आराखडे छापील रूपात मिळतात आणि अनेक कंपन्यांनी त्याच्या तयार प्रतिकृती काढल्या आहेत. 'डब्ल्यूपी'ची संख्या त्याच्या तीसपट होती. तरी त्याची तयार प्रतिकृती बाजारात क्वचितच दिसते. ज्याला ती हवी, त्याला बहुधा स्वतःच्या हातांनीच घडवावी लागते.

तीन मिलिमीटरचा प्रश्न

प्रतिकृतींच्या जगात सर्वाधिक प्रचलित प्रमाण 'एचओ' हे आहे. प्रत्यक्ष वस्तूच्या ८७ व्या हिश्श्याएवढी प्रतिकृती. यात रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. अमेरिका व युरोपात रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागले की बरोबर १६.५ येते. भारतीय ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचे आहे. त्याला ८७ ने भागले तर उत्तर १९.३ येते. तयार मिळणाऱ्या रुळांवर भारतीय इंजिन उभे करायचे, तर जवळजवळ तीन मिलिमीटरची तडजोड करावी लागते.

हा फरक किरकोळ वाटेल. पण 'डब्ल्यूपी'च्या बाबतीत तो लगेच डोळ्यांत भरतो. या इंजिनाच्या चालकचाकाचा व्यास ६७ इंच आणि ब्रॉडगेज ६६ इंच. म्हणजे चाकाची उंची आणि रुळांमधील अंतर जवळजवळ समान. समोरून पाहताना इंजिन ऐसपैस, जमिनीवर पाय रोवून उभे असल्यासारखे दिसते ते यामुळे. तीच चाके १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर बसवली की इंजिन अरुंद पायांचे, उंच टाचांवर उभे असल्यासारखे दिसते.

विविध प्रमाणांत हे गणित असे पडते :

• एन (१:१६०) : बाजारातील रूळ ९ मिमी, ब्रॉडगेजचे खरे माप १०.५ मिमी, डब्ल्यूपीचे चाक १०.६ मिमी.
• एचओ (१:८७) : बाजारातील रूळ १६.५ मिमी, खरे माप १९.३ मिमी, चाक १९.६ मिमी.
• ओओ (१:७६) : बाजारातील रूळ १६.५ मिमी, खरे माप २२ मिमी, चाक २२.३ मिमी.
• वाफेवर चालणाऱ्या मोठ्या प्रतिकृती : पाच इंची रुळांवर इंजिन १:१३.२ प्रमाणात बांधल्यास ब्रॉडगेज अचूक साधते.

वळणांचीही तीच कथा. ब्रॉडगेजवरील तीव्रात तीव्र वळणाची त्रिज्या साधारण १७५ मीटर असते. 'एचओ' प्रमाणात ती दोन मीटर भरते. घरातील टेबलावर एवढी जागा कोठून आणणार? म्हणून अर्ध्या मीटरपेक्षाही कमी त्रिज्येची वळणे वापरली जातात आणि जवळजवळ २४ मीटर लांबीच्या 'डब्ल्यूपी'ची २७ सेंटिमीटरची प्रतिकृती त्यावरून वळताना तिचे नाक रुळांबाहेर झुकते. अनुभवी छांदिष्ट यावर उपाय म्हणून पूर्ण वर्तुळ मांडण्याऐवजी एकाच स्थानकाचा सरळ पट्टा करतात.

अशा पट्ट्यासाठी दौंडसारखे स्थानक फार सोयीचे. येथे गाडी धावताना दाखवण्याची गरजच नाही. गाडी येते, सांधे बदलतात, इंजिन सुटते, पाणी घेते, फिरून दुसऱ्या टोकाला येऊन जोडले जाते आणि गाडी आलेल्या बाजूलाच निघून जाते. दोन-तीन मीटरच्या फळीवर जंक्शनचे सारे काम दाखवता येते.

वाफ लहान होत नाही

टेबलावरची इंजिने विजेच्या मोटारीवर धावतात. त्यांच्या धुराड्यातून निघणारा धूर तेल तापवून केलेला असतो. खऱ्या वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृतींचा पंथ वेगळा आहे. त्यात लेथवर सिलिंडर कातावे लागतात, दट्ट्या व झडपा जुळवाव्या लागतात आणि तांब्याचा बॉयलर चांदीमिश्रित डाग देऊन जोडावा लागतो.

येथे नुसते भागाकार करून चालत नाही. इंजिन तेरापट लहान केले की त्याच्या बॉयलरचे आकारमान सुमारे दोन हजारपटींनी घटते. पण पाणी व कोळसा यांचे गुणधर्म बदलत नाहीत. मूळ बॉयलरमधील नळ्या त्याच प्रमाणात लहान केल्या, तर त्या राखेने ताबडतोब चोंदतात. म्हणून नळ्या कमी संख्येच्या व तुलनेने जाड ठेवतात. बाहेरून हुबेहूब, आतून वेगळे अशी ही रचना असते. तयार बॉयलर वाफ धरण्यापूर्वी थंड पाण्याने भरून, चालवण्याच्या दाबाच्या दुप्पट दाबाखाली तपासला जातो. पाणी दाबले जात नसल्याने सांधा फुटला तरी नुसती गळती होते, स्फोट होत नाही. ही चाचणी न केलेले इंजिन पेटवणे धोक्याचे असते. नवशिक्यांना पहिला धडा हाच दिला जातो.

पुण्यातील परंपरा

पेशवे उद्यानातील 'फुलराणी' १९५६ मध्ये सुरू झाली आणि पुणेकरांच्या अनेक पिढ्यांची छोट्या गाडीशी ओळख तिनेच करून दिली. प्रतिकृतींच्या छंदाला मात्र प्रतिष्ठा मिळवून दिली ती उद्योजक भाऊ जोशी यांनी. त्यांनी १९८० च्या दशकात रेल्वेच्या फिरत्या प्रतिकृतींची प्रदर्शने भरवली. ने-आण करताना होणारी मोडतोड लक्षात आल्यावर कायमस्वरूपी मांडणीचे काम हाती घेतले आणि १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये जोशी लघुरेल्वे संग्रहालय सुरू झाले. 'एचओ' प्रमाणातील या नगरीत सिग्नल, उड्डाणपूल, रोपवे, सर्कस आणि जलतरण तलाव यांच्यामधून वाफेच्या इंजिनापासून आधुनिक वेगवान गाड्यांपर्यंत अनेक पिढ्यांच्या गाड्या धावतात. मांडणीची धाटणी पाश्चात्त्य आहे, कारण तयार मिळणारे साहित्य तिकडचे आहे. खरी इंजिने पाहायची असतील, तर दिल्लीत १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे आणि महाराष्ट्रात नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय आहे.

मापे घेण्याची वेळ

प्रतिकृती घडवणाऱ्याला छायाचित्र पुरत नाही. पायरी जमिनीपासून किती उंच, फायरमनच्या फावड्याला किती जागा, टेंडरच्या झाकणाला किती रिपिट, हे त्याला ठाऊक असावे लागते. जतन केलेल्या इंजिनांवरून यातील पुष्कळसे मोजता येते. दौंडसारख्या स्थानकाचे तसे नाही. कोळशाचा ढीग कोठे असे, पाण्याचा स्तंभ कोणत्या फलाटाच्या टोकाला होता, रात्रपाळीच्या सांधेवाल्याची खोली कशी होती, हे कोणत्याही संग्रहालयात उभे नाही. वाफेच्या इंजिनावर तरुणपणी नोकरीला लागलेला फायरमन आज साठीच्या पुढे, बहुधा सत्तरीच्याही पुढे आहे.

हा छंद सुरू करण्यासाठी मोठा खर्च लागतो, असा समज आहे. तयार आयात इंजिन महाग असते, हे खरे. परंतु पुठ्ठा, प्लास्टिकचे पत्रे आणि पितळी तार यांतून मालवाघीण किंवा स्थानकाची इमारत घडवता येते. त्रिमितीय छपाईमुळे १९.३ मिलिमीटरची चाके बसतील असे सांगाडेही आता घरच्या घरी आखता येतात. अधिक मोलाची वस्तू म्हणजे वही आणि मोजपट्टी. दौंडमध्ये एखाद्या निवृत्त ड्रायव्हरशेजारी बसून जुन्या शेडचा कच्चा नकाशा काढून घेणे, हे काम आज पैशांशिवाय होऊ शकते. काही वर्षांनंतर ते कितीही पैसे खर्चून होणार नाही.